जुना ऑफिस लॅपटॉप घ्यायला निघण्याआधी

दर जूनमध्ये आमच्या ओळखीतलं एखादं तरी पोर इंजिनिअरिंगला नाहीतर डिप्लोमाला लागतं आणि त्याचे आईवडील मला विचारतात, नवा घेऊ की जुना? पैसे बेताचे असतील तर मी एकच सांगते, सगळ्यांत स्वस्त नव्या लॅपटॉपपेक्षा कंपनीतून निघालेला जुना बिझनेस लॅपटॉप घ्या. लेनोवोचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक ही ऑफिसांसाठी बनवलेली यंत्रं आहेत. बिजागऱ्या दणकट, खालचं झाकण साध्या स्क्रू ड्रायव्हरनं उघडतं, सुटे भाग मिळतात. कंपन्या ठरावीक वर्षांनी ती गठ्ठ्यानं बदलतात आणि तो माल मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला विकायला येतो. तपासून घ्यावा लागतो, एवढंच. आणि तपासायचं जे आहे ते बहुतेक सगळं त्या यंत्राच्याच पोटात लिहिलेलं असतं. ते वाचायची तयारी आदल्या रात्री घरीच करा.

सगळ्यांत आधी मॉडेल ठरवा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. म्हणजे लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५, नाहीतर त्यांच्या नंतरचे. दुकानात 'आय फाइव्ह आहे, बिनधास्त घ्या' एवढंच सांगतात. आय फाइव्ह हे इंटेलच्या प्रोसेसरचं नाव, सातव्या पिढीचाही आय फाइव्हच असतो. त्याच्या पुढच्या आकड्याची सुरुवात बघा, ७३०० असेल तर सातवी पिढी, ८३५० असेल तर आठवी. आधीचा टी४७० आणि टी४८० शेजारी ठेवले तर सवयीची नजरही चुकते. शिवाय लॅटिट्यूड ७४९० सातव्या पिढीच्या प्रोसेसरसहही विकला गेलेला आहे, तेव्हा झाकणावरचं नाव वाचून थांबू नका.

मग पिशवी भरा. दोन पेनड्राइव्ह घ्या. एकावर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवलेलं विंडोज ११ चं इन्स्टॉलेशन, त्याला निदान ८ जीबी जागा लागते. दुसऱ्यावर डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर आणि १० जीबीच्या आसपासची एक मोठी व्हिडिओ फाइल. हा दुसरा पेनड्राइव्ह एक्सफॅट या पद्धतीनं फॉरमॅट केलेला हवा, कारण फॅट ३२ या जुन्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि हे दुकानात उभं राहिल्यावर कळून उपयोग नसतो. मोबाइल पूर्ण चार्ज आणि त्यात नेट हवं, दुकानाच्या वायफायवर विसंबू नका. एक इअरफोन, एक छोटा टॉर्च. दुकानं उघडल्या उघडल्या पोहोचा. संध्याकाळी गर्दीत तुम्हाला कोणी तासभर एका यंत्रापाशी बसू देणार नाही.

यंत्र हातात आलं की चकाकीकडे बघू नका. वरचं कव्हर नवं स्टिकर लावून नवं करतात. उलटं करा आणि टॉर्चच्या उजेडात स्क्रू बघा. मी चिपळूणची, जुलै २०२१ चा पूर घरात आलेला बघितलाय, त्यामुळे माझा हात आधी तिकडेच जातो. स्क्रूच्या खाचेत तांबूस गंज असेल, किंवा नेटवर्क केबलच्या खोबणीतल्या सोनेरी तारांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड असेल, तर आत पाणी किंवा बरीच दमट हवा शिरलेली आहे. तो लॅपटॉप आज चालेलही, तरी मी परत ठेवते. झाकण एका हातानं उघडा आणि मधेच सोडा, जिथे सोडलं तिथे राहिलं पाहिजे.

आता कुलुपाची गोष्ट, आणि ती मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण आमचे पैसे तिथेच बुडाले. भाचीसाठी पहिला लॅपटॉप आणला तेव्हा मला हे माहीत नव्हतं. चार महिने सुरेख चालला. मग तो जरा मंद वाटला म्हणून तिनं रिसेट केला, नेटला जोडला, आणि स्क्रीनवर एका परदेशी कंपनीचं नाव आलं. खाली त्या कंपनीच्या ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड मागत होता. पोरगी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्या स्क्रीनकडे बघत बसली होती. दुकानदारानं हात वर केले. ते यंत्र कंपनीनं आपल्या यादीतून काढलेलंच नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट या व्यवस्थेत लॅपटॉपच्या हार्डवेअरची ओळख कंपनीच्या नावावर नोंदलेली असते. डिस्क पुसा, बदला, विंडोज पुन्हा टाका, सुरुवातीच्या मांडणीत नेट जोडलं की कंपनी परत दारात उभी. दुकानात नेट न जोडता साधं खातं उघडून देतात, म्हणून तेव्हा काही दिसत नाही.

तेव्हा आधी सेटिंग्जमधला रिसेटचा पर्याय घेऊन सगळं काढून टाकायला सांगा, आणि सुरुवातीची मांडणी स्वतःच्या हॉटस्पॉटवर तुम्हीच करा. तास जाईल. दुकानदार कुरकुरेल. समोर चहा प्या, पण यंत्र नजरेसमोर ठेवा. साधं स्वागत आलं, तुमचंच खातं मागितलं, तर पुढे सरका. एखाद्या संस्थेचं नाव आलं तर तिथून उठा, तो कितीही स्वस्त देत असला तरी. त्याच बैठकीत बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये शिरा. थिंकपॅडला चालू करताना एफ १, डेलला एफ २, एचपीला एफ १० दाबायचं. पासवर्ड मागितला तर घेऊ नका. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड हरवला तर लेनोवोच्या लेखी मदरबोर्ड बदलणं हाच उपाय आहे. आत सुरक्षेच्या पानावर अ‍ॅब्सोल्यूट किंवा कॉम्प्युट्रेस असं लिहिलेलं दिसेल, ते सक्रिय असेल तरीही नको, चोरीला गेलेलं यंत्र दुरून शोधायची आणि बंद पाडायची ती सोय आहे. बायोसमधला सिरियल नंबर आणि खालच्या स्टिकरवरचा नंबर एकच आहे ना, तेही इथेच ताडून घ्या.

मग एसएसडी, म्हणजे सगळा डेटा ठेवणारी डिस्क. जुन्या लॅपटॉपच्या जाहिरातीत '२५६ एसएसडी' एवढं ठसठशीत लिहितात आणि गिऱ्हाईक तिथेच खूश होतं. दुसऱ्या पेनड्राइव्हवरचं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. वर डिस्कचं नाव, मग तब्येतीची टक्केवारी, उजवीकडे डिस्क किती तास चालली आणि तिच्यावर आजवर एकूण किती लिहिलं गेलं. लोक टक्केवारी बघतात. मी आधी तास बघते. साधा हिशोब करा. ऑफिसमध्ये दिवसाला नऊ तास, वर्षाला अडीचशे दिवस, म्हणजे वर्षाचे सव्वादोन हजार तास आणि चार वर्षांचे नऊ हजार. डिस्कवर आठ-दहा हजार तास दिसले तर घाबरू नका, ती त्या यंत्राची मूळ डिस्क असायची शक्यता आहे. पण पाच वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये बारा तास चाललेली डिस्क आणि तब्येत शंभर टक्के दिसली, तर मूळ डिस्क काढून घेतली आहे आणि दुसरी बसवली आहे. दुसरी चांगल्या कंपनीची असेल तर उत्तमच. नाव वाचा. कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये मूळच्या डिस्क सॅमसंग, एसके हायनिक्स, तोशिबा म्हणजे आताची किऑक्सिया, वेस्टर्न डिजिटल, मायक्रॉन यांच्या असतात. नुसतं 'एसएसडी २५६ जीबी' असं बेनाव काही दिसलं तर किंमत तशीच लावा, किंवा ती डिस्क काढूनच द्या म्हणा आणि बिलासह नवी घेऊन स्वतः बसवा.

लिहिण्याच्या आकड्याचीही भीती काढून टाका. सॅमसंगच्या ९७० इव्हो या २५० जीबीच्या डिस्कला वॉरंटी होती ती १५० टेराबाइट (एक टेराबाइट म्हणजे हजार जीबी) लिखाणाची. ऑफिसच्या कामात दिवसाला २० जीबी लिहिलं धरलं तरी चार वर्षांचे २० टेराबाइट होतात. म्हणून प्रामाणिकपणे वापरलेली मूळ डिस्क मला नव्या बेनाव डिस्कपेक्षा जास्त भरवशाची वाटते. बघायचं ते दुसरंच. बदललेले खराब सेक्टर, किंवा एनव्हीएमई, म्हणजे नव्या वेगवान जातीची डिस्क, असेल तर मीडिया एररचा आकडा. तो शून्य हवा. सॉफ्टवेअर हे आकडे पुष्कळदा सोळाच्या पटीच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत दाखवतं, सगळी शून्यंच दिसली म्हणजे शून्यच.

त्यानंतर ती व्हिडिओ फाइल लॅपटॉपमध्ये घ्या आणि तिथल्या तिथे तिच्या चार-पाच प्रती काढा. शेजारी टास्क मॅनेजर, म्हणजे डिस्कचा वेग आलेखात दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडा ठेवा. स्वस्तातल्या डिस्क सुरुवातीला धावतात, कारण डेटा आधी एका लहान वेगवान कप्प्यात जातो. तो भरला की वेग धाडकन पडतो, कधी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्याही खाली. ती घसरण तुम्हाला आलेखात डोळ्यांनी दिसेल. थोडी घसरण चालते. पूर्ण लोळण नको. आणि 'एम डॉट टू आहे म्हणजे एनव्हीएमई' हे ऐकून घेऊ नका. एम डॉट टू हा फक्त डिस्कचा आकार आहे, त्यात जुन्या साटा जातीच्याही डिस्क येतात आणि त्या सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटवर अडतात. टी४८० मध्ये एनव्हीएमई एका अडॅप्टरवर बसते, तो अडॅप्टर आत आहे का ते विचारा, नुसती डिस्क बदलून चालणार नाही.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, पॉवरसीएफजी लिहा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport). एक पान तयार होतं, त्यात मूळची क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी शेजारी असते. सत्तर टक्के उरली असेल तर मी चांगली म्हणते, निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वळते करून मागते. टी४८० ला आत एक आणि बाहेर एक अशा दोन बॅटऱ्या असतात, दोन्ही बघा. चार्जर टाइप-सीचा असेल तर प्रत्येक टाइप-सी पोर्टला लावून बघा. त्या काळच्या थिंकपॅडांमध्ये टाइप-सी पोर्ट सांभाळणाऱ्या थंडरबोल्ट चिपच्या फर्मवेअरचा, म्हणजे तिच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, दोष निघाला होता आणि लेनोवोला त्यावर सुधारणा द्यावी लागली, त्यामुळे मेलेलं पोर्ट सापडू शकतं.

बाकीचं पटपट होतं. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. टी४८० ला दोन सुटे स्लॉट आहेत, टी४८०एस ला काही रॅम बोर्डावरच डकवलेली, थिंकपॅडच्याच एक्स१ कार्बनला सगळीच. स्क्रीन १९२० बाय १०८० ची हवी. १३६६ बाय ७६८ ची बरीच फिरतात, दिवसभर वाचणाऱ्या पोराला ती देऊ नका. नोटपॅडमध्ये प्रत्येक कळ एकदा दाबा. कॅमेरा, दोन्ही स्पीकर, इअरफोन, सगळी यूएसबी.

बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी किती दिवसांची आणि कशाकशाची तेही. 'दोन महिने आहे, या कधीही' हे तोंडी नको. 'कंपनी लॉक निघाल्यास पैसे परत' एवढी एक ओळ हातानं लिहून मागा. आजवर सहा-सात लॅपटॉप घेतले, चांगल्या दुकानदारानं ती ओळ कधी नाकारली नाही. एकानं टाळाटाळ केली, आम्ही शेजारच्या गाळ्यात गेलो.

घरी आल्यावर पहिल्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्यानं टाका, डिस्कवरचे सगळे जुने भाग पुसून. मूळचा परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो, किल्ली न टाकताही ते बहुधा आपसूक सक्रिय होतं. झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो पुन्हा उघडा आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून बिलाच्या फोटोशेजारी ठेवा. सहा महिन्यांनी तेच पान परत उघडायचं. तो शून्याचा आकडा जागेवर असेल तर ठीक, हलला असेल तर त्याच दिवशी पोराच्या प्रोजेक्टची प्रत दुसरीकडे काढा आणि नवी डिस्क मागवा.