सॉफ्टवेअर अडल्यावर ऑनलाइन मदत कशी मागावी आणि कशी द्यावी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचं ऑफिस असो की नवी पेठेतलं कापडाचं दुकान, बिलिंगचं सॉफ्टवेअर अडलं की पहिला फोन जातो तो ज्यानं बसवून दिलं त्याला. त्यानं उचलला नाही की मग ऑनलाइन मेसेज पडतो : "सर अर्जंट, सॉफ्टवेअर चालेना, प्लीज हेल्प." सोबत मोबाईलनं काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, त्यावर ट्यूबलाईटची चकाकी. याला उत्तर येत नाही. लोक माजलेत असं नाही, वाचणाऱ्याच्या हाती काही लागतच नाही.

आधी एरर मेसेज शब्दशः द्या. "काहीतरी डेटाबेसचं म्हणतंय" यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. विंडोजची साधी एररची चौकट समोर असताना कंट्रोल-सी दाबलं तर आतला मजकूर बहुतेक वेळा कॉपी होतो. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. झाला नाही तर विंडोज, शिफ्ट आणि एस एकत्र दाबून तेवढ्याच भागाचा स्क्रीनशॉट घ्या. मजकूर मिळाला तर उत्तम, कारण तो शोधता येतो, चित्रातली अक्षरं पुन्हा टाईप करावी लागतात. मग सॉफ्टवेअरचं नाव आणि व्हर्जन, आणि विंडोजचं व्हर्जन. ते सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथं मिळतं. "लेटेस्टच आहे" हे व्हर्जन नव्हे.

शेवटचं नीट कधी चाललं आणि मधे काय बदललं, हेही लिहा. अपडेट, नवा प्रिंटर, अँटिव्हायरस, काहीही. लाईट गेली होती का, हे तर सांगाच. लोक ते गाळतात, कारण तो कॉम्प्युटरचा विषय वाटत नाही. पण बिल सेव्ह होत असताना यूपीएस नसलेला पीसी बंद पडला तर डेटा फाईल अर्धीच लिहिली जाऊ शकते, आणि दुसऱ्या दिवशी येणारी एरर तिचीच असू शकते.

एक नेहमीचं उदाहरण. गिऱ्हाइकांची मराठी नावं सीएसव्ही फाईलमध्ये (म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये) काढली, एक्सेलमध्ये उघडली आणि नावांचा विचका झाला. विचारणारा लिहितो, "मराठी फॉन्ट कुठला टाकू?" दहा जण दहा फॉन्ट सुचवतात, फरक शून्य. कारण त्यानं अडचण सांगितलीच नाही, स्वतः काढलेला उपाय तेवढा विचारला. इथं नेमकं काय दिसतंय त्यावर सगळं ठरतं. अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत असतील तर कॉम्प्युटरवर त्या अक्षरांचा फॉन्टच नाही. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए आणि त्याच्या आसपास चित्रविचित्र चिन्हं पुन्हापुन्हा येत असतील तर फाईल यूटीएफ-८ मध्ये (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीत) आहे, पण एक्सेलनं ती भलत्याच पद्धतीनं वाचली. डेटा शाबूत आहे. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर सेव्ह होतानाच अक्षरं गेली, त्या फाईलमधून ती परत येणार नाहीत.

म्हणून प्रश्न असा लिहावा : "एक्सेल २०१९, विंडोज १०. बिलिंगमधून पार्टी लिस्ट सीएसव्हीत काढली. डबल क्लिकनं उघडली की नावांच्या जागी रोमन चिन्हं दिसतात. तीच फाईल नोटपॅडमध्ये नीट दिसते. फॉन्ट बदलून पाहिला, फरक नाही. मला नावं मराठीत प्रिंट करायची आहेत." एवढं असेल तर उत्तर दोन ओळींचं : "फाईल बंद करा, सेव्ह करू नका. कोरं एक्सेल उघडून डेटा, फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, फाईल ओरिजिनमध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा आणि लोड करा." यातलं 'सेव्ह करू नका' सगळ्यात महत्त्वाचं. मराठी नीट दिसू लागल्यावरही साध्या सीएसव्हीत सेव्ह केलं तर अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. सेव्ह करायचंच तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा वेगळा पर्याय घ्यावा.

स्क्रीनशॉट टाकण्याआधी त्यात काय काय दिसतंय ते बघा. गिऱ्हाइकाचा मोबाईल, बँक खातं, ओटीपी. पॅन झाकला आणि जीएसटी नंबर तसाच ठेवला तर काही उपयोग नाही : १५ अक्षरांच्या त्या नंबरात पहिले २७ म्हणजे महाराष्ट्र, आणि पुढची १० अक्षरं म्हणजे पॅनच. मोबाईलमधल्या हायलायटर पेननं काळं फासू नका. तो रंग पारदर्शक असतो, फोटोचा ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. भरीव चौकोन टाका किंवा तो भाग कापूनच टाका.

'अर्जंट' लिहिल्यानं घाई तुमचीच राहते. फुकट मदत करणारा आपलं काम सांभाळून उत्तर देतो, एक दिवस थांबा. परदेशातल्या डेव्हलपरला विचारलं असेल तर आपले सकाळचे १० म्हणजे लंडनला पहाट, हे धरून चाला. एकच प्रश्न चार ठिकाणी टाकला असेल तर तसं लिहा, नाहीतर चौघं एकाच कामात राबतात. संबोधनाचं म्हणाल तर 'अण्णा', 'भाऊ', 'मॅडम' काहीही चालतं. समोरचा कॉलेजातला पोरगा असला तरी 'तुम्ही' म्हणा. दर वाक्यात 'सर' मात्र नको.

आता मदत करणाऱ्यांविषयी. सर्वांत आळशी सल्ला म्हणजे "फॉरमॅट मारा". त्यात तीन वर्षांचा हिशेब जाऊ शकतो. दुरुस्तीचं काहीही सांगण्याआधी बॅकअप घ्यायला सांगा, आणि कसा तेही सांगा : सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून डेटा फोल्डर पेनड्राईव्हवर कॉपी. चालू असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते. एका वेळी एकच बदल सुचवा, नाहीतर कशानं सुधारलं ते कळत नाही. कमांड दिली तर ती काय करते ते एका ओळीत लिहा. स्वतः करून पाहिलेलं आणि अंदाजानं सांगितलेलं वेगळं ठेवा. क्रॅक केलेली, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडलेली कॉपी सुचवू नका, तिच्यासोबत काय येतं ते तुम्हालाही ठाऊक नसतं.

सोलापुरात विचारणारा घरी तेलुगू बोलणारा असेल, अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा असेल. मराठीतल्या चुका काढू नका, रोमन लिपीत लिहिलं तरी वाचा. "गूगल करा" म्हणण्यापेक्षा काय शोधायचं ते शब्द द्या.

रिमोटवर यायचं, म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचा असेल तर ते मदत मागणाऱ्यानं म्हणावं, देणाऱ्यानं आग्रह धरू नये. कनेक्ट होण्याआधी बँकेची पानं बंद करा, आणि पूर्ण वेळ स्क्रीनसमोर बसा. पासवर्ड, ओटीपी किंवा 'टेस्टसाठी एक रुपया' मागितला की कनेक्शन तिथंच तोडा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

काम झालं की नुसतं "झालं, थँक्स" लिहू नका. कशानं झालं ते लिहा, व्हर्जनसकट. नाही झालं तर तेही कळवा, आणि पायरी कितवीपर्यंत चालली ते सांगा.