जुन्या बसचं चाकावरचं रबर बदलताय? या चुका टाळा

चाकाच्या कमानीला, म्हणजे मडगार्डच्या पत्र्याच्या कडेला जी काळी रबराची पट्टी असते ना, ती शोभेची आहे असं समजून काम करणारे लोक बघितले की डोकं फिरतं. ती पत्र्याची धार झाकते, टायरने उडवलेला चिखल थोडाफार अडवते आणि अरुंद गल्लीत कोणी घासून गेलं तर पहिला मार तीच खाते. शाळेच्या बस, स्टाफ बस, लग्नाच्या ऑर्डरवर फिरणाऱ्या गाड्या, सगळीकडे त्याच चुका, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रबर ताणून बसवणं. एका शाळेची बस मे महिन्यात कामाला लागली होती, सुट्टी संपायच्या आत द्यायची म्हणून सगळ्यांची घाई. गॅरेजमधला पोरगा नवीन, हात चांगला पण दम नाही. रबर कमी पडलं तर ह्याने एक टोक रिव्हेट, म्हणजे पत्र्यात ठोकायची बिनआट्याची खीळ, मारून अडकवलं, दुसरं टोक पकडीने धरून खच्चून ओढलं आणि ठोकला रिव्हेट. दिसायला फर्स्ट क्लास, एक सुरकुती नाही, मालक पण खुश. मी म्हटलं अरे हे टिकायचं नाही, तर म्हणतो, "काका, उन्हात रबर वाढतंच की, होईल सैल." आता मोकळं पडलेलं रबर उन्हात वाढतं हे खरं, पण ताणलेलं रबर तापलं की उलट आक्रसतं. खोटं वाटत असेल तर रबरबँडला वजन टांगा आणि ड्रायरची गरम हवा मारा, वजन वर सरकेल. पावसाळ्यात गाडी परत आली तेव्हा रिव्हेटची भोकं लांबट होऊन फाटलेली, खालच्या टोकाला पत्रा उघडा, आणि कमानीच्या वरच्या भागात रबर धार सोडून टायरकडे ओढलं गेलेलं. सगळं काढून नवीन रबर घालायला लागलं, पैसे आणि दिवस दोन्ही गेले.

माझी पद्धत सांगतो, पुस्तकात असेल नसेल. कमानीचं माप सुतळीने घ्यायचं आणि रबर त्यापेक्षा वीतभर जास्त आणायचं. आणलं की गुंडाळी सोडून रात्रभर जमिनीवर सरळ पडू द्यायचं. बसवताना कमानीच्या वरच्या मध्यापासून सुरुवात आणि दोन्ही बाजूंना खाली उतरत जायचं, रबर ओढायचं नाही, उलट हाताने थोडं मागे ढकलत बसवायचं. कडक असेल तर गरम पाण्यात बुडवा, सरकत नसेल तर साबणाचं पाणी लावा, तेल नको. टोकं त्याच दिवशी कापायची नाहीत, दुसऱ्या दिवशी कापायची. एवढा एक दिवस थांबवत नाही लोकांना, काय करणार.

दुसरी चूक स्क्रूची. "स्टेनलेसचे मारले, आता गंजायचा प्रश्नच नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! अरे स्क्रू नाही गंजणार, पण पत्रा खाल्ला जाईल ना. जुन्या बसचा पत्रा बऱ्याचदा अल्युमिनियमचा असतो, एसटीच्या जुन्या गाड्या तशाच, माइल्ड स्टीलच्या बॉड्या नंतर आल्या. अल्युमिनियमला स्टील टेकलं आणि मध्ये पाणी साचलं की झिजतं ते अल्युमिनियम, भोकाभोवती पांढरी पावडर दिसायला लागते, मग भोक मोठं होतं आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. कोकणात खाऱ्या हवेत तर हे फारच लवकर होतं. म्हणून आधी लोहचुंबक लावून बघा, चिकटला नाही तर अल्युमिनियमचे रिव्हेट, चिकटला तर स्टीलचे आणि भोकाला प्रायमर. उलटं पण करू नका, लोखंडी पत्र्यात अल्युमिनियमचा रिव्हेट मारला तर तो बिचारा आधी संपतो. अल्युमिनियमच्या रिव्हेटमधून लाल ओघळ आला तर लगेच घाबरायचं कारण नाही, बऱ्याच पॉप रिव्हेटमधला, म्हणजे गनने ओढून बसवायच्या पोकळ रिव्हेटमधला, खिळा स्टीलचा असतो, तो गंजतो.

आणि रिव्हेट थेट रबरावर मारू नका, डोकं रबरात रुतून कापतं. वरून अल्युमिनियमची पातळ पट्टी घ्या नाहीतर निदान मोठ्या डोक्याचे रिव्हेट. रबराला भोक ड्रिलने पाडू नका, बिट रबर पकडून फाडतं, पंचने पाडा.

जुनं रबर न काढता त्याच्यावरच नवीन चढवणारे महाभाग पण आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं. काढल्यावर मागे चिखल, गंज, फुगलेली लांबी (पत्र्यावर भरलेली पुट्टी) जे काय निघेल ते खरवडून कोरडं करा, मगच पुढे.

इन्स्टंट गोंदाने फाटलेलं रबर चिकटवू नका, तो कडक होतो आणि गाडीच्या हादऱ्याने सुटतो. छोटी फट असेल तर रबराचा काँटॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासा झाला की मग दाबा. सिलिकॉन वापरायचंच तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं ॲसिड पत्र्याला लागतं, न्यूट्रल मागून घ्या.

डिझेलचा बोळा फिरवून रबर चमकवायची सवय ड्रायव्हर लोकांनी सोडा. बाहेरच्या कामाला ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर चांगलं, ऊन-पाऊस सोसतं, पण डिझेल आणि तेलाने फुगतं.

पुढच्या चाकाचं काम असेल तर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर आणि रबरात किती जागा राहते ते बघा, आणि रिकाम्या गाडीवर बघून खुश होऊ नका. भरलेली बस खाली बसते, त्यात खड्डा आला की टायर वर येतो. मी एका पुढच्या चाकाखाली जाड फळी घालून परत स्टेअरिंग फिरवतो. रबराची आतली कड लागते असं वाटलं तर तेवढीच धारदार कटरने उतरवतो आणि मगच गाडी बाहेर सोडतो.