काडतुसं महागली की आधी पुंगळीचं वजन करा

आमच्या नेमबाजी क्लबात काडतुसांची खरेदी आणि त्यांचा हिशेब माझ्याकडे आहे. पेटीचा भाव वाढला की पालक हमखास विचारतात, "ताई, तांबं महागलं म्हणून का?" कधी ते खरं असतं. पण बऱ्याचदा तांब्याचा त्यात फारसा हात नसतो, आणि हे स्वतः ताडून बघता येतं. त्यासाठी लागतो सोनाराकडे असतो तसा एक लहान काटा, एक वही आणि दहा मिनिटं.

आधी आपण नेमका कोणता धातू उडवतो ते बघा. झाडलेल्या ९ मिमी काडतुसाची रिकामी पुंगळी काट्यावर ठेवली तर साधारण ४ ग्रॅम भरते. ती पितळेची असते: ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. गोळीचं वजन पेटीवर ग्रेनमध्ये छापलेलं असतं, त्याला ०.०६४८ ने गुणलं की ग्रॅम मिळतात. ११५ ग्रेनची गोळी म्हणजे जवळजवळ साडेसात ग्रॅम. आत शिसं आणि वरून तांब्याच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा, तो मी एक ग्रॅम धरते. पेटीवर वजन छापलेलं नसेल तर उत्पादकाच्या माहितीपत्रकात बघा. जिवंत काडतूस मात्र वजनासाठी कधीही उघडू नका.

आता भाव. तांबं, जस्त, शिसं यांचे जगभर मानले जाणारे भाव लंडन मेटल एक्स्चेंजवर ठरतात, डॉलर प्रति टन. तांब्याचा दर १०,००० डॉलर असेल तर ग्रॅमला बरोबर एक सेंट पडतो. हे एवढं डोक्यात ठेवलं की बाकीचं तोंडी जमतं. वरच्या काडतुसात पुंगळीतलं २.८ आणि पत्र्यातलं जवळजवळ एक मिळून तांबं साधारण पावणेचार ग्रॅम, म्हणजे पावणेचार सेंट. तांबं २० टक्क्यांनी चढलं तर काडतुसामागे पाऊण सेंट वाढतो, ५० च्या पेटीला ३७-३८ सेंट. पेटी त्याच्या कित्येक पट महागली असेल, तर कारण तांब्याबाहेर शोधायला हवं.

प्रत्येक काडतुसाचं गणित वेगळं. पॉइंट टू टू या लहान काडतुसात ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी असते आणि पुंगळी एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. तिथे धातूपेक्षा कारखान्याची मेहनत महाग. ट्रॅपसाठी, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्यांवरच्या नेमबाजीसाठी, लागणाऱ्या बारा बोअरच्या काडतुसात २४ ग्रॅम छर्रे, नळी प्लॅस्टिकची, बूड बहुधा पितळी मुलामा दिलेल्या पोलादाचं. या नेमबाजाने तांब्याकडे बघायचं कारणच नाही. त्याने शिसं बघावं, आणि त्याबरोबर छर्रे कडक व्हावेत म्हणून शिशात मिसळतात तो अँटिमनी हा धातू. चीनने २०२४ च्या सप्टेंबरपासून अँटिमनीच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि त्याचा भाव कित्येक पटींनी वाढला. मिश्रणात त्याचं प्रमाण थोड्याच टक्क्यांचं असतं, पण ते मिळालंच नाही तर कडक छर्रे ओतता येत नाहीत.

शिशाबद्दल अफवा फार लवकर पसरतात. अमेरिकेत हर्क्युलेनियम इथला खनिजापासून शिसं गाळणारा शेवटचा कारखाना २०१३ च्या अखेरीस बंद झाला, तेव्हा आता गोळ्याच मिळणार नाहीत अशी ओरड झाली. प्रत्यक्षात गोळ्यांचं शिसं मुख्यतः जुन्या बॅटऱ्यांच्या भंगारातून येत होतं आणि ते येतच राहिलं. म्हणून मी शिशाची बातमी वाचताना खाण बाजूला ठेवते आणि भंगाराचं काय चाललंय ते आधी बघते.

धातूचा भाव पेटीपर्यंत पोचायला काही महिने जातात. कारखान्याने पितळी पट्टी आधीच्या दराने घेतलेली असते, वायदे केलेले असतात, विक्रेत्याकडे जुना माल पडलेला असतो. त्यामुळे कालच्या तेजीसाठी आज कुणी जादा पैसे मागत असेल, तर माल कोणत्या खरेदीचा आहे हे सरळ विचारा. आणि धातूचे दर डॉलरमध्ये असल्याने आपलं चलन घसरलं तर तांबं जागचं न हलताही महाग पडतं.

मागणीची ताकद मात्र धातूपेक्षा फार मोठी. २००८ च्या जुलैत तांबं ८,५०० डॉलरच्या वर होतं, डिसेंबरात ३,००० च्या खाली आलं. तरी त्याच हिवाळ्यात अमेरिकेत काडतुसांचा तुटवडा होता, कारण निवडणुकीनंतर निर्बंध येतील या भीतीने लोकांनी साठा सुरू केला होता. २०१३ मध्ये तिथे पॉइंट टू टू अशीच गायब झाली. २०२० मध्ये अडलं ते प्रामुख्याने प्रायमरपाशी, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीपाशी. प्रायमर बनवणारे कारखाने मोजके, काम स्फोटकांचं, नवा कारखाना महिन्या-दोन महिन्यांत उभा राहत नाही. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर काडतुसातल्या दारूसाठी लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजला तोफगोळ्यांची मागणी लागली, आणि ते बनतं कापसाच्या सरकीवरच्या बारीक तंतूंपासून. काडतुसाच्या भावात कापूसही आहे, हे क्लबातल्या मुलांना सांगितलं की ती चकित होतात.

अशाच एका टंचाईत मी घाबरून चढ्या दराने मिळेल तो लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, उचलला. आमच्या एका मुलीच्या रायफलला तो मानवलाच नाही, गोळ्या जवळजवळ न लागता त्यांचा गट पसरायला लागला. पैसे संपले होते, दुसरा लॉट घेता येईना, आणि ऐन स्पर्धेआधी तिच्या सरावाच्या गोळ्या दिवसाला ६० वरून २० वर आणाव्या लागल्या. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला वहीत एक ओळ लिहिते: तांबं, शिसं, जस्त, डॉलरचा दर, पेटीचा भाव, आणि दुकानात माल आहे की नाही. धातू आणि पेटी काही महिन्यांच्या अंतराने सोबत चढली तर ती खरी वाढ, थांबून फायदा नाही, नेहमीएवढी खरेदी चालू ठेवते. धातू जागेवर आणि फळ्या रिकाम्या असतील तर ती घबराट. अशा वेळी साठ्यातलं वापरते आणि नवं घेत नाही. यासाठी परवान्याच्या मर्यादेत सहा महिन्यांच्या सरावाएवढा साठा हाताशी लागतो, आणि तो भाव शांत असतानाच भरायचा. आधी एक-दोन पेट्या घेऊन आपल्या रायफलवर लॉट तपासा, जमला तर त्याच क्रमांकाचा उरलेला घ्या. पेटीवर तारीख लिहा, कोरड्या थंड जागी कुलपात ठेवा, जुनी आधी वापरा. घबराट ओसरल्यावर भाव चढला तेवढ्या वेगाने उतरत नाही, म्हणून पहिल्या सवलतीला साठा भरू नका. माझ्या वहीत सलग तीन महिने उतार दिसला की मगच मी मोठी मागणी नोंदवते.