टेरिकॉटचा विटलेला कुर्ता घरीच रंगवला (माझा अनुभव)

मिस्टरांचा मरून कुर्ता उन्हात वाळवून वाळवून पार विटलेला, शिलाई मात्र एकदम भक्कम, मग टाकून कशाला द्यायचा. आधी आतल्या शिलाईजवळ कापडाचाच एक दोरा (शिवायचा नव्हे) ओढून काडीनं जाळून बघितला. थोडी राख झाली, कागद जळल्यासारखा वास आला पण टोकाला कडक काळी गुठळी पण राहिली, म्हणजे कॉटनमध्ये पॉलिएस्टर हायच, यालाच टेरिकॉट म्हणतात. अशा कापडावर नुसता कॉटनचा रंग टाकला की कॉटनच रंग धरतं, पॉलिएस्टर तसंच राहतं आणि सगळं फिकं, ठिपक्याठिपक्याचं दिसतं बघा.

म्हणून दोन रंग आणले, पॉलिएस्टरसाठी डिस्पर्स आणि कॉटनसाठी रिअॅक्टिव्ह, दोन्ही मरून. जुन्या स्टीलच्या पातेल्यात (स्वयंपाकाचं अजिबात नको) डिस्पर्स रंग, थोडं व्हिनेगर, आणि पाणी खळाखळा उकळत ठेवून कुर्ता सारखा हलवत राहिले, कारण पॉलिएस्टर गार पाण्यात रंग घेतच नाही, मिलमध्ये तर प्रेशरखाली १३० डिग्रीला रंगवतात. नंतर गरम साबणाच्या पाण्यात चांगला धुतला. मग दुसरी फेरी, कोमट पाणी, रिअॅक्टिव्ह रंग, मीठ, आणि शेवटी धुण्याचा सोडा, त्यानंच रंग पक्का होतो. खायचा सोडा नको हं!

शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिएस्टरचा असतो, तोपण पहिल्याच फेरीत रंगला. काळा रंग मात्र घरी नादच करू नका, उकळत्या पाण्यात पॉलिएस्टरवर राखाडीच उतरतो. रंगवलेला कुर्ता पहिले दोन-तीन वेळा वेगळा धुवा.