एफ-१५० गरम झाल्यावर टकटकते? आधी ऑइल प्रेशर बघा

फोर्ड एफ-१५० मधलं ५.४ लिटर थ्री-व्हॉल्व्ह व्ही८ इंजिन (२००४ ते २०१० मॉडेलचं) थंड असताना गपगुमान चालतं, पण गरम झाल्यावर आयडलला (रेस न देता नुसतं चालू असताना) डिझेलसारखं टकटकतं आणि रेस दिली की आवाज गायब. अशा वेळी लोक थेट कॅम फेझर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचं टायमिंग मागेपुढे करणारा भाग) बदलायला निघतात. जरा थांबा. फेझर फिरतो तो ऑइलच्या दाबावर, आणि तो दाब का पडला हे न शोधता टाकलेले नवे फेझरही काही दिवसांनी टकटकायला लागतील.

डिपस्टिक बघा, ऑइल ५डब्ल्यू-२० ग्रेडचं आहे ना याची खात्री करा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर मात्र भिस्त ठेवू नका. तो खरा दाब मोजत नाही, नुसत्या स्विचवर चालतो, त्यामुळे दाब बराच खाली आला तरी मधोमध उभा असतो. ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलचं रीडिंग घ्या. थंडपणी उत्तम आणि तापल्यावर एकदम ढेपाळलेलं असेल, तर टायमिंग चेन टेन्शनरच्या (चेन ताणून धरणारा भाग) सीलमधून ऑइल निसटतंय का, पंप झिजलाय का, हे तपासा.

प्रेशर ठीक असेल तर गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड वाचणारा स्कॅनर लावा. व्ही८ मध्ये सिलिंडरच्या दोन रांगा असतात, प्रत्येक रांग म्हणजे एक बँक. पी००११, पी००१२ हे कोड बँक १ चे. पी००२१, पी००२२ बँक २ चे. लाइव्ह डेटात मागितलेला आणि प्रत्यक्ष कॅम अँगल शेजारी शेजारी ठेवून बघा. एकाच बँकेचा अँगल मागे रेंगाळत असेल तर आधी त्या बाजूच्या सोलेनॉइडचं (फेझरकडे जाणारं ऑइल सोडणारा-अडवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) वायरिंग आणि कनेक्टर बघा, त्यात ऑइल मुरलेलं सापडतं. सोलेनॉइड काढायला व्हॉल्व्ह कव्हर उघडावं लागतं, म्हणून ते काम शेवटी.