सेकंडहँड मिलिंगवर फिनिश येत नाहीये? स्पिंडल खोलायच्या आधी हे करून बघा

जुनं मिलिंग मशीन घेतलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हमखास सांगतं, "स्पिंडल गेलाय हो याचा." (स्पिंडल म्हणजे कटर धरून फिरवणारा मुख्य दांडा.) फिटर सांगतो, शेजारच्या गाळ्यातला टर्नर सांगतो, चहा घेऊन येणारा पोरगासुद्धा सांगेल. मला पण सांगितलं आणि मी ऐकलं, बेअरिंगचा आख्खा सेट बदलला, पाच दिवस मशीन बंद, आणि चालू केलं तर फिनिश, म्हणजे कापलेल्या पृष्ठभागाची सफाई, जशीच्या तशी खराब. माझं मशीन एम१टीआर टाइपचं, म्हणजे फिरवता येणारं टरेट हेड आणि आर८ टेपर (टेपर म्हणजे स्पिंडलच्या तोंडातली निमुळती खाच, कटरचा होल्डर तिच्यात बसतो). तुमचं ४० टेपरचं असेल तरी पद्धत तीच.

आधी जॉब (कापलेला तुकडा) वाचा, डायल नंतर. एमएसचा (साध्या माइल्ड स्टीलचा) ठोकळा व्हाइसमध्ये नीट ठोकून बसवा, टेबलची जी स्लाइड चालणार नाहीये ती लॉक करा, क्विल (स्पिंडलला वर-खाली नेणारी नळी) पूर्ण वर घेऊन लॉक करा आणि ४ इन्सर्टच्या, म्हणजे चार बदलत्या दातांच्या, फेसमिलने अर्ध्या मिमीचा कट मारा. समजा ४०० आरपीएम आणि मिनिटाला १६० मिमी फीड. भागाकार केला की एका फेऱ्याला ०.४ मिमी, चार दात म्हणजे दाताला ०.१. आता जॉबवर स्केल ठेवायची, टॉर्च एकदम तिरका धरायचा आणि भिंगातून १० मिमीत किती रेघा येतात ते मोजायचं. मोजताच येत नसतील, नुसती रेशमासारखी बारीक जाळी दिसत असेल तर चारही दात कापतायत. बरोब्बर २५ मोजल्या म्हणजे फिनिश एकटा दात देतोय, बाकीचे तीन नुसते फिरतायत. साधारण १० लाटा दिसल्या, म्हणजे अडीच फेऱ्यांना एक, तर मात्र बेअरिंगवर संशय घ्या, कारण बेअरिंगचा पिंजरा (गोळ्या धरून ठेवणारी रिंग) शाफ्टच्या अंदाजे ०.४ पट स्पीडने फिरतो आणि त्याची लाट तशीच उमटते. आणि रेघांचं अंतर स्क्रूच्या पिचएवढं असेल, फीड बदलला तरी हलत नसेल, तर स्पिंडलला सोडा आणि टेबलाचा स्क्रू, नट बघा.

चॅटर, म्हणजे कापताना होणारी थरथर, वेगळा ओळखा. आरपीएम वीसेक टक्के खाली आणला की आवाज आणि नक्षी दोन्ही बदलतात किंवा गायबच होतात, तो चॅटर. तिथे कटर जास्त बाहेर काढलेला असतो नाहीतर गिब (स्लाइडमधली फट घट्ट करणारी पट्टी) ढिली असते.

आता माझी सगळ्यात आवडती टेस्ट, जी मी तेव्हा केली नाही. फेसमिल काढून एका टूलचा फ्लाय कटर लावा आणि त्याच ठोकळ्यावर हलका कट मारा. एकच दात असल्यामुळे दातादातातला फरक हा विषयच संपतो. फ्लाय कटरने चकचकीत आणि फेसमिलने खरबरीत आलं तर बेअरिंगं बहुतेक ठीक आहेत, गडबड इन्सर्टच्या उंचीत, कटरच्या सीटमध्ये किंवा टेपरमध्ये आहे. दोन्हींनी खराब आलं तरच पुढे बेअरिंगचा विचार.

मग टेपर. मेन स्विच बंद करा, फडकं बोटाला गुंडाळून आत फिरवा आणि मग नुसतं बोट फिरवा, नखाला काही लागतंय का बघा. एक बारीक चिप आत राहिली तरी खाली कटरपर्यंत ती चूक मोठी होऊन येते. लिव्हर डायल (बारीक फरक काट्यावर दाखवणारं गेज) टेपरच्या आत लावून स्पिंडल हाताने फिरवा, जुन्या मशीनला ०.०१ मिमीच्या आत आलं तर मी खूश असतो. त्यानंतर कोलेटमध्ये (टूल आवळून धरणाऱ्या चिरलेल्या नळीत) सरळ ग्राउंड पिन धरून १०० मिमी खाली रीडिंग घ्या. इथे जास्त आलं तर टेपरच्या संदर्भात पिन १८० अंश फिरवून परत लावा. ४० टेपरला हे सोपं, समोरासमोर दोन की असतात. आर८ ला आत एक छोटी पिन असते, ती काढावी लागते (जुन्या मशीनवर बहुतेकदा आधीच तुटलेली असते, वाईट वाटून घेऊ नका). उंच जागा होल्डरबरोबर फिरली तर होल्डर खराब, स्पिंडलवर त्याच जागी राहिली तर स्पिंडल. पण स्पिंडल म्हणजे लगेच बेअरिंग नव्हे, माझी चूक तिथेच झाली. ड्रॉबारपण (कोलेटला वरून ओढून धरणारा लांब बोल्ट) तपासा, थ्रेड खाली टेकला की हाताला घट्ट लागतं पण कोलेट वर ओढलाच जात नाही.

प्ले बघायचा असेल तर नुसतं स्पिंडल हलवून "हलतोय" म्हणू नका, काय हलतंय ते शोधा. हातोडीच्या लाकडी दांड्याने स्पिंडलचं नाक बाजूला दाबायचं आणि मॅग्नेटिक स्टँडची जागा बदलत जायची. स्टँड क्विलवर, डायल नाकावर, इथे काटा हलला तर बेअरिंग. स्टँड हेडवर, डायल क्विलवर, इथे हलला तर क्विल घासलाय किंवा त्याचा लॉक नीट धरत नाहीये. स्टँड टेबलवर, डायल हेडवर, इथे हलला तर रॅम (हेड धरणारा वरचा आडवा हात), नी (टेबल उचलणारा भाग), गिब, हेडचे बोल्ट, कुठलंही. टेबलवर स्टँड ठेवून नाकावर डायल लावणारे लोक या सगळ्यांची बेरीज वाचतात आणि नाव बेअरिंगचं घेतात. वर-खाली प्लेसाठी नाकाखाली लाकूड घालून हलकं उचला.

हेडचा ट्रॅम, म्हणजे स्पिंडल टेबलाला काटकोनात आहे का, ते पटकन बघून घ्या. ३०० मिमी व्यासावर डायल फिरवून ०.०२ आलं की पुरे. जॉबवर कटरच्या दोन्हीकडून उमटलेल्या कमानी एकमेकींना छेदत असतील तर हेड सरळ आहे, एकाच बाजूच्या असतील तर थोडं कललंय, त्याने फिनिश बिघडतेच असं नाही.

बेल्टही काढून बघा, बरेच महिने उभ्या मशीनचा बेल्ट पुलीच्या आकारात अडकून बसतो आणि धडधडतो. बेल्टशिवाय स्पिंडल हाताने हळू फिरवा, दाणे दाणे लागले तर बेअरिंगला खड्डे पडलेत. अर्धा तास चालवून, मशीन थांबवून नाकावर हात ठेवा, कोमट असेल तर छान, हात ठेवणंच अशक्य असेल तर प्रीलोड (बेअरिंग बसवतानाच दिलेला दाब) जास्त आहे किंवा कुणीतरी ग्रीस कोंबून भरलंय.

एवढं करून बेअरिंगच निघालं तर जोडीचं, पी४ क्लासचं (जास्त अचूकतेचं) घ्या, बाहेरच्या रिंगांवरची व्ही आकाराची खूण जुळवूनच बसवा, आणि अधिकृत डीलरकडूनच घ्या, डुप्लिकेट माल फार आहे.

माझ्या मशीनचं काय झालं होतं? रेघा २५ च होत्या, मी मोजल्याच नव्हत्या. शेवटी एका चांगल्या कोलेटला मार्किंग ब्लूचा पातळ हात देऊन टेपरमध्ये दाबला आणि काढून बघितला, पूर्ण रिंग उमटायच्या ऐवजी तोंडाजवळ एका बाजूला अंगठ्याएवढा निळा डाग आणि त्याच्या समोर वरच्या अंगाला दुसरा. आधीच्या मालकाकडे कधीतरी कोलेट आत घसरून फिरला असणार, त्याने टेपरच्या तोंडाला बर (धातूचा बारीक उंचवटा) उचलला होता, डोळ्याला दिसत नव्हता पण नखाला लागत होता. बारीक ऑइल स्टोनने फक्त तो उंचवटा उतरवला, बाकी टेपरला हात लावला नाही, एमरी तर अजिबात नाही. वीस मिनिटांचं काम. पिनचं रीडिंग ०.०६ वरून ०.०१५ वर आलं. काढलेली बेअरिंगं ड्रॉवरमध्ये पडून आहेत, कधी हातात आली की फिरवून बघतो, लोण्यासारखी फिरतात.