नवी एअर रायफल छर्रे विखुरते? आधी स्क्रू बघा

नळी मोडून, म्हणजे बिजागरावर खाली वाकवून, स्प्रिंग चढवायची 4.5 मिमीची एअर रायफल नवीकोरी असते, तरी दहा मीटरवर छर्रे वाटेल तिथे लागतात. अशा वेळी बहुतेकजण स्कोपला (नेम धरायच्या दुर्बिणीला) दोष देतात, मग नळीला. प्रत्यक्षात बऱ्याचदा चूक दस्ता रायफलीला जोडणाऱ्या स्क्रूंची असते. त्यामुळे तपासणी बाहेरून सुरू करायची आणि स्प्रिंगपर्यंत जायचंच नाही. स्प्रिंग कारखान्यातूनच दाबून बसवलेली असते. ती सोडवायला खास प्रेस लागतो, आणि घरात उघडली तर हात किंवा डोळा जाऊ शकतो.

कोणत्याही स्क्रूला हात लावण्यापूर्वी नळीत छर्रा नाही आणि स्प्रिंग चढवलेली नाही, याची खात्री करा. छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवा. चुकून चाप सुटला तर नळी झटक्यात बंद होते आणि मध्ये आलेलं बोट चिरडतं. चाचणीचा प्रत्येक बार छर्रा घालूनच उडवा. छर्रा नसेल तर पुढे हवेची उशी तयार होत नाही, पिस्टन (स्प्रिंग पुढे ढकलते तो, हवा दाबणारा दट्ट्या) थेट धातूवर आदळतो आणि सील (पिस्टनच्या तोंडावरची हवाबंद चकती) व स्प्रिंग दोन्ही झिजतात. डोळ्यांवर चष्मा हवा. लक्ष्यामागे जुन्या कपड्यांनी गच्च भरलेलं खोकं ठेवा. दगडी भिंतीवरून किंवा लोखंडी पत्र्यावरून छर्रा उलटा येतो.

आता स्क्रू. बहुतेक रायफलींत चार असतात: पुढच्या भागात डावी-उजवीकडे एकेक आणि चापाच्या गार्डला पुढे-मागे एकेक. स्प्रिंग सुटली की पिस्टन पुढे धावतो आणि रायफल मागे जाते. पिस्टन हवेच्या उशीवर थांबला की तीच रायफल पुढे ओढली जाते. प्रत्येक बाराला असे दोन उलटसुलट धक्के बसतात. त्यात नव्या लाकडाची दाबून बसण्याची सवय अजून व्हायची असते, म्हणून पहिल्या शंभरेक बारांतच स्क्रू ढिले पडतात.

आट्यांवर तेल असेल तर पुसून घ्या. पुढचे दोन आळीपाळीने आवळा, एक पूर्ण घट्ट करून मग दुसरा नको. गार्डचे त्यानंतर. स्क्रू टेकला की पुढे साधारण एक अष्टमांश फेरा पुरतो, त्याहून जास्त दाबलं तर लाकूड चेपतं. काही रायफलींत गार्डचा मागचा स्क्रू थेट लाकडात जातो. तो पिळला की भोक खाल्लं जातं आणि स्क्रू कायमचा फिरत राहतो, म्हणून त्याला हलक्या हातानेच बसवा. स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यावर येईल अशी नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला. लाकडी दस्ता असेल तर पावसाळ्यानंतर पुन्हा बघा. कोकणातल्या दमट हवेत फुगलेलं लाकूड ऑक्टोबरात आक्रसतं आणि स्क्रू आपोआप सैल होतात.

मग नळीचा बिजागर. नळी थोडीच खाली मोडा, स्प्रिंगचा जोर जाणवायच्या आधी थांबा आणि डावी-उजवीकडे हलवून पाहा. बाजूला खेळ असेल तर बिजागराचा बोल्ट ढिला आहे. त्याला बहुधा अडकवणारा छोटा स्क्रू असतो. तो काढून बोल्ट थोडासाच आवळा.

स्कोप असेल तर 11 मिमी रेलवरची (रायफलीच्या वरच्या खाचेच्या पट्टीवरची) पकड तपासा. उलटसुलट धक्क्यांनी तो हळूहळू मागे सरकतो. रेलला भोक असेल तर स्टॉप पिन (त्या भोकात अडकणारी खीळ) असलेलं माउंट, म्हणजे स्कोप धरणारी पकड, घ्या. साधा स्कोप स्प्रिंग रायफलीवर टिकत नाही. एअर रायफलसाठी म्हणून लिहिलेलाच हवा. लक्ष्यावर छर्र्यांचे दोन वेगळे घोळके दिसत असतील तर माझा संशय आधी माउंटवर जातो. खात्री करायची असेल तर स्कोप काढून उघड्या साइटने (रायफलीवरच्या साध्या माशीने) पाच छर्रे मारा.

एवढं करूनही विखुरत असेल तर नळी साफ करा. कारखान्यातलं गंजरोधक तेल आत असतं. मजबूत दोरीला कापसाची पट्टी बांधून छर्रा भरायच्या बाजूने तोंडाकडे ओढा, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. तारेचा ब्रश नको, पेट्रोल-रॉकेल तर नकोच. सील खराब होतं. साफ केल्यावर वीस-तीस छर्रे जाईपर्यंत ग्रुप (लक्ष्यावरचा छर्र्यांचा घोळका) पुन्हा बिघडलेला दिसेल, तो मोजू नका.

पहिल्या काही बारांना नळीतून धूर आणि जळका वास आला तर घाबरायचं कारण नाही. दाबलेली हवा तापते आणि तेलाचा अंश पेटतो. हा वास हळूहळू जातो. मात्र चार-पाच डझन बारांनंतरही फटाक्यासारखा कडाड आवाज येत असेल तर थांबा. आत जास्त तेल आहे, आणि असे बार सील फोडतात. म्हणूनच नळीमागच्या हवेच्या छिद्रात तेल सोडायचं नाही, मग विक्रेता काहीही सांगो.

बार दमदार वाटत नसेल, छर्रे खाली पडत असतील, तर नळीमागच्या रबरी रिंगची चाचणी घ्या. नळी बंद केल्यावर सांध्यावर टिश्यूचा छोटा तुकडा ठेवून बार करा. तुकडा उडाला तर तिथून हवा जाते. रिंग किंचित वर उठलेली हवी. खाली दबलेली असेल तर बदलून घ्या. जास्त ताकदीची स्प्रिंग हा उपाय नाही. ताकद 20 जूलच्या वर किंवा नळी 4.5 मिमीहून मोठी असेल तर भारतात शस्त्र नियम 2016 नुसार परवाना लागतो.

छर्र्यांचं महत्त्व नवे लोक फार कमी लेखतात. डब्यात वाकलेल्या कडांचे छर्रे बाजूला काढा आणि दोन-तीन ब्रँड व वजनं, साधारण 0.45 ते 0.55 ग्रॅम, आलटूनपालटून वापरून पाहा. दहा मीटरसाठी चपट्या डोक्याचे चांगले. मापन सारखं हवं: बसून, रायफल मऊ उशीवर हलकेच ठेवून, हातात न आवळता. कठीण टेकूवर ती उसळते आणि ग्रुप वर सरकतो. पाच छर्रे 10 रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत, म्हणजे 27 मिमीत आले तर नव्या स्प्रिंग रायफलसाठी तक्रारीचं कारण नाही.

स्प्रिंग चढवून अडकत नसेल, तर नळी शेवटपर्यंत, 'क्लिक' ऐकू येईपर्यंत ओढली का, ते बघा. ओढूनही अडकली नाही, किंवा चाप न दाबता बार झाला, तर स्वतः चापाशी खेळू नका. वॉरंटीत परत द्या. सोबत लक्ष्याचे कागद, छर्र्याचं नाव-वजन आणि आवळलेल्या स्क्रूंची यादी द्या, म्हणजे दुकानदार पहिल्यापासून तीच तपासणी करत बसणार नाही.